राखीव प्रोसेसरांवर कर्नल थ्रेड पुन्हा पुन्हा का उगवतात : समस्या निवारण

तक्रार बहुधा अशी असते. लिनक्स मशीनचे काही प्रोसेसर वेळेला काटेकोर असलेल्या एका प्रोग्रामसाठी बाजूला काढले. प्रोग्राम तिथे नीट बांधला. तरी मध्येच ५०-१०० मायक्रोसेकंदांचा अडथळा येतो, आणि पाहिलं तर त्याच प्रोसेसरवर केवर्कर, केसॉफ्टआयआरक्यूडी, मायग्रेशन असे कर्नल थ्रेड, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची स्वतःची कामं करणारी मंडळी बसलेली. टास्कसेटने, म्हणजे थ्रेडला प्रोसेसर नेमून देणाऱ्या आज्ञेने, हलवायला गेलं की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. काही थ्रेड हलतात, पण रीबूट झाल्यावर, नेटवर्क कार्ड खाली-वर केल्यावर किंवा नुसती रात्र उलटल्यावर पुन्हा जागेवर हजर.

दुखणं परत येतं, कारण आपण थ्रेड हलवत बसतो आणि त्या थ्रेडला काम देणारा मात्र जागचा हलत नाही. म्हणून थ्रेड दिसला की दोन प्रश्न विचारायचे : हा हलवता येण्यासारखा आहे का, आणि याला उठवतं कोण? दुसऱ्याचं उत्तर मिळालं की पहिल्याची बऱ्याचदा गरजच उरत नाही.

उदाहरणासाठी ८ कोअरचं, आणि प्रत्येक कोअरवर दोन असे १६ प्रोसेसर दाखवणारं मशीन घेऊ. प्रोसेसर ० ते १५. त्यात ० आणि ८ एकाच कोअरवर, १ आणि ९ एकाच कोअरवर, याप्रमाणे. घरकामाला, म्हणजे कर्नलच्या आणि इतर किरकोळ कामांना, ०, १, ८, ९ ठेवले आणि २-७ व १०-१५ राखीव केले. तुमच्या मशीनवर जोड्या अशाच असतील असं नाही. काही मशीनवर ० आणि १ हेच जुळे असतात. /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू खाली प्रत्येक प्रोसेसरच्या टोपॉलॉजी फोल्डरमध्ये थ्रेड_सिब्लिंग्ज_लिस्ट नावाची फाईल असते, ती आधी वाचा. एक जुळा राखीव आणि दुसरा घरकामाला अशी वाटणी झाली, तर खालचं सगळं करूनही अडथळा राहील, कारण दोघांचा कोअर एकच.

आज्ञा आणि फाईलींची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना अर्थात नेहमीच्या रोमन रूपात करायची.

आधी खरंच त्रास आहे का ते बघा

पीएस या चालू कामांची यादी देणाऱ्या आज्ञेतला पीएसआर हा रकाना सर्वात जास्त लोकांना फसवतो. थ्रेड शेवटचा कुठे धावला एवढंच तो सांगतो. थ्रेड तीन दिवस झोपलेला असेल आणि झोपण्याआधी ५ वर धावला असेल, तर पीएसआर ५ दाखवतो. गंमत म्हणजे झोपलेल्या थ्रेडची ॲफिनिटी, म्हणजे त्याला कुठे धावू द्यायचं ती यादी, टास्कसेटने बदलली तरी हा आकडा तसाच राहतो. थ्रेड पुढच्या वेळी जागा होईल तेव्हा नव्या ठिकाणी जाईल. त्यामुळे ‘हलवला, तरी तिथेच दिसतोय’ या तक्रारींतल्या अर्ध्याअधिक इथेच मिटतात.

खरी तपासणी /प्रॉक/पीआयडी/स्टेटस फाईलमध्ये होते (पीआयडीच्या जागी त्या थ्रेडचा क्रमांक). तिथल्या सीपीयूज_अलाउड_लिस्ट ओळीत थ्रेडला कुठे धावायची परवानगी आहे ते कळतं. व्हॉलंटरी_सीटीएक्सटी_स्विचेस आणि नॉनव्हॉलंटरी_सीटीएक्सटी_स्विचेस हे थ्रेड प्रोसेसरवरून किती वेळा उतरला ते मोजणारे दोन आकडे ६० सेकंदांच्या अंतराने दोनदा नोंदवा. आकडा हलला नाही तर तो थ्रेड तुमच्या लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, गुन्हेगार नाही, त्याला झोपू द्या. केथ्रेडडी म्हणजे पीआयडी २ हा कर्नल थ्रेडांचा बाप, तेव्हा ‘पीग्रेप -पी २’ (पी कॅपिटल) एवढ्याने सगळी यादी मिळते. ज्यांचा आकडा वाढला तेवढेच वहीत उतरवा. दीडदोनशे थ्रेडांतून हाती बहुधा पाच-दहाच लागतात.

या यादीत आयओयू-डब्ल्यूआरके किंवा आयओयू-एसक्यूपी नावाचे थ्रेड मिळणार नाहीत. दिसायला ते कर्नलचे वाटतात, पण ते तुमच्याच प्रोग्रामच्या आयओ_यूरिंगचे (वाचन-लेखन मागे चालू ठेवणाऱ्या सोयीचे) असतात आणि त्यांचा पालक पीआयडी २ नसतो. त्यांचा बंदोबस्त प्रोग्रामच्या आत, आयओ_यूरिंगमध्ये कामगारांची ॲफिनिटी नोंदवूनच करावा लागतो.

बांधलेला की मोकळा

/प्रॉक/पीआयडी/स्टॅटमधला नववा आकडा म्हणजे थ्रेडचे फ्लॅग. त्यात ६७१०८८६४, म्हणजे हेक्समध्ये ०४००००००, हा बिट चालू असेल तर त्या थ्रेडची ॲफिनिटी बाहेरून बदलायला कर्नलची मनाई आहे. बेरीज-वजाबाकी न करता ओळखायची खूण अशी : केसॉफ्टआयआरक्यूडीचा आकडा ६९२३८८४८, केवर्करचा ६९२३८८८० आणि साध्या मोकळ्या थ्रेडचा २१२९९८४ असा दिसतो. म्हणजे ६.९ कोटींच्या घरातला आकडा बांधलेल्याचा आणि २१ लाखांच्या घरातला मोकळ्याचा. कधी एखादा बिट इकडेतिकडे होतो, पण घर सहसा बदलत नाही.

बांधलेल्या थ्रेडवर टास्कसेट चालवलं की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ येणारच. त्याला सीग्रुपच्या (थ्रेडांचे गट पाडायच्या कर्नलच्या सोयीच्या) सीपीयूसेटमध्ये ढकलायला गेलात तरी तेच उत्तर. ही चूक परवानगीची नाही, रूट होऊन किंवा एसईलिनक्स बंद करून काही होणार नाही. सगळे थ्रेड हलवणारी शेल स्क्रिप्ट लिहिताना सुरुवातीला ‘सेट -ई’ घालू नका, नाहीतर पहिल्याच बांधलेल्या थ्रेडवर ती मरते आणि पुढचे मोकळे थ्रेड तसेच राहतात. बाहेरून सगळं व्यवस्थित वाटतं, कारण बूटच्या वेळचा तो एरर कुणी वाचत नाही.

मोकळे थ्रेड

केस्वॅपडी०, खह्यूजपेजडी, केऑडिटडी, खंगटास्कडी, फाईलसिस्टिमचे जेबीडी२ आणि आरसीयूओपी, आरसीयूओजी हे या गटातले. ‘टास्कसेट -पीसी ०,१,८,९ पीआयडी’ दिलं की यांचं काम होतं.

पण हे एकदा करून भागत नाही. स्क्रिप्ट बूटला चालली, त्यानंतर कुणी डिस्क माउंट केली, ड्रायव्हर लोड झाला, की नवे कर्नल थ्रेड जन्माला येतात आणि ते पुन्हा सगळीकडे धावायला मोकळे. इथे एक उपाय हमखास सुचवला जातो : केथ्रेडडीलाच घरकामाच्या प्रोसेसरांवर बांधा, मग पोरं तिथेच जन्मतील. हे चालत नाही. बापाची ॲफिनिटी पोराला मिळू नये, अशी तजवीज कर्नलच्या कोडमध्ये मुद्दाम केलेली आहे; रूटने केथ्रेडडीचा मास्क (ॲफिनिटीचीच बिटांतली नोंद) बदललेला असू शकतो, म्हणून नव्या थ्रेडचा मास्क तिथे नव्याने ठरवला जातो. टास्कसेट तक्रार न करता यशस्वी होतो आणि परिणाम शून्य, म्हणून ही समजूत टिकून आहे.

नवा मास्क काय असावा हे ५.९ पासूनच्या कर्नलांत बूट पॅरामीटरवरून ठरतं. नोएचझेड_फुल (दिलेल्या प्रोसेसरांवरचा टिक, म्हणजे ठरावीक वेळाने वाजणारा टायमर, शक्य तेव्हा थांबवणारा पॅरामीटर) दिलं असेल तर मोकळे कर्नल थ्रेड जन्मतःच घरकामाच्या प्रोसेसरांवर येतात. नुसतं आयसोलसीपीयूज देऊन हे होत नाही, आणि ‘आयसोलसीपीयूज दिलंय तरी थ्रेड येतात’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. आयसोलसीपीयूजचं मुख्य काम म्हणजे शेड्युलरच्या भार-वाटपातून ते प्रोसेसर काढणं. माझ्या मते बूटची ओळ अशी असावी :

नोएचझेड_फुल=२-७,१०-१५ आयसोलसीपीयूज=मॅनेज्ड_आयआरक्यू,डोमेन,२-७,१०-१५ आयआरक्यूॲफिनिटी=०,१,८,९

आरसीयू_नोसीबीज वेगळं द्यायची गरज नाही, नोएचझेड_फुलमध्ये ते आपोआप येतं. डेबियन-उबुंटूवर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब बदलून अपडेट-ग्रब चालवा. फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात ग्रबी वापरा. रीबूटनंतर /प्रॉक/सीएमडीलाइन वाचून ओळ खरंच पोचली का ते बघा, आणि /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू मधल्या आयसोलेटेड व नोएचझेड_फुल या दोन फाईलीही. नोएचझेड_फुल फाईलमध्ये अपेक्षित यादी नसेल तर तुमचा कर्नल त्या सोयीसह बांधलेलाच नसण्याची शक्यता मोठी. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, ‘हाउसकीपिंग’ शब्द शोधा. तिथे ‘नोएचझेड अनसपोर्टेड’ अशी ओळ असेल तर पॅरामीटर दिला काय न दिला काय, सारखंच.

आयसोलसीपीयूजचा एक दुष्परिणाम ध्यानात ठेवा. भार-वाटप बंद असल्यामुळे, सहा थ्रेडच्या प्रोग्रामला ‘२-७’ असा एकत्र मास्क दिला तर ते सहाही जण २ वरच गर्दी करून बसतात आणि ३ ते ७ रिकामे राहतात. प्रत्येक थ्रेडला त्याचा एकेक प्रोसेसर नेमून द्या.

सिस्टमडीच्या सिस्टम.कॉन्फमध्ये सीपीयूॲफिनिटी लिहून कर्नल थ्रेड आवरले जातील, असंही अनेकांना वाटतं. ती ओळ पीआयडी १ आणि त्याच्या सेवांसाठी आहे. द्यायला हरकत नाही, उलट द्याच, पण कर्नल थ्रेडांशी तिचा संबंध नाही.

केवर्कर : नावातच अर्धं निदान

सगळ्यात जास्त गोंधळ याच एका नावाभोवती. केवर्कर/५:१ म्हणजे प्रोसेसर ५ ला बांधलेला कामगार. केवर्कर/५:१एच म्हणजे तोच, पण जास्त प्राधान्याचा. केवर्कर/यू३२:२ यातला ‘यू’ म्हणजे कोणत्याही एका प्रोसेसरला न बांधलेला, आणि ३२ हा प्रोसेसरचा नव्हे, कामगारांच्या टोळीचा क्रमांक. ३२ वाचून ‘माझ्याकडे तर १६च प्रोसेसर आहेत’ म्हणून घाबरू नका.

नावाच्या शेवटी आणखी एक तुकडा असतो : केवर्कर/५:१-एमएम_परसीपीयू_डब्ल्यूक्यू किंवा केवर्कर/५:१+इव्हेंट्स. अधिकचं चिन्ह असेल तर तो या क्षणी त्या वर्कक्यूचं, म्हणजे कर्नलच्या त्या कामांच्या रांगेचं, काम करतोय, उणेचं असेल तर शेवटचं काम त्या वर्कक्यूचं होतं. एवढ्याशा चिन्हात बरंच कळतं.

‘यू’वाले तांत्रिकदृष्ट्या मोकळे असले तरी टास्कसेटला दाद देत नाहीत, कारण त्यांचा मास्क वर्कक्यूची यंत्रणा सांभाळते. त्यांच्यासाठी फाईल वेगळी : /सिस/डिव्हायसेस/व्हर्च्युअल/वर्कक्यू/सीपीयूमास्क. तिथे यादी चालत नाही, हेक्स मास्कच लागतो. ०, १, ८, ९ यांचा मास्क ३०३. राखीवांचा एफसीएफसी, पण तो इथे लिहायचा नाही. उलटा मास्क लिहिणारेही भेटतात. ‘०-१’ लिहिलंत तर एरर येतो आणि चूक लगेच कळते. घात होतो तो ‘१०’ लिहिल्यावर. लिहिणाऱ्याच्या मनात दहा असतात, कर्नल हेक्समध्ये वाचतो, आणि घरकाम निमूटपणे प्रोसेसर ४ वर जातं, म्हणजे नेमकं राखीवांत. लिहून झालं की तीच फाईल वाचून बघा. ३२ पेक्षा जास्त प्रोसेसर असतील तर दर ३२ बिटांनंतर स्वल्पविराम येतो : ३२ आणि ३३ साठी ३,००००००००.

काही वर्कक्यूंची स्वतःची फाईलही त्याच फोल्डरात असते, उदाहरणार्थ राइटबॅक. वरचा मास्क नीट असेल तर हिला हात लावायची वेळ सहसा येत नाही, कारण दोन्हींत समान असलेले प्रोसेसरच वापरले जातात.

आता बांधलेले केवर्कर. केवर्कर/५:१ ला ५ वरून हलवता येत नाही आणि मारताही येत नाही. त्याचं काम कुठून आलं ते शोधणं एवढाच मार्ग. साध्या वर्कक्यूत काम टाकलं की ते ज्या प्रोसेसरवरून टाकलं त्याच प्रोसेसरवर चालतं, हा नियम इथे ध्यानात ठेवायचा. म्हणजे ५ वर केवर्कर वारंवार उठत असेल तर दोनच शक्यता : ५ वर धावणाऱ्या तुमच्याच प्रोग्रामने एखाद्या सिस्टिम कॉलमधून, किंवा ५ वर आलेल्या इंटरप्टने (हार्डवेअरने मारलेल्या हाकेने) वा टायमरने ते काम टाकलं, नाहीतर दुसरीकडून कुणीतरी ‘प्रत्येक प्रोसेसरवर हे करा’ असा हुकूम सोडला.

कोणतं ते एफट्रेस, म्हणजे कर्नलमधल्या घटना नोंदवणारी सोय, सांगतो. /सिस/कर्नल/ट्रेसिंगमध्ये जाऊन इव्हेंट्समधले शेड_स्विच, वर्कक्यू_क्यू_वर्क, वर्कक्यू_एक्झिक्यूट_स्टार्ट आणि आयआरक्यू_हँडलर_एंट्री चालू करा, ६० सेकंद थांबा, ट्रेस फाईल वाचा. ट्रेसिंग_सीपीयूमास्कमध्ये राखीव मास्क टाकून आवाज कमी करायचा मोह होतो, पण त्यात खोच आहे. क्यू_वर्कची नोंद काम टाकणाऱ्याच्या प्रोसेसरवर होते. बॅकअपचा प्रोग्राम ० वर बसून ५ साठी काम टाकत असेल आणि तुम्ही ट्रेस फक्त राखीव प्रोसेसरांचा घेत असाल, तर काम झालेलं दिसेल, टाकणारा दिसणार नाही. क्यू_वर्कसाठी मास्क सगळ्यांना खुला ठेवा आणि नंतर ग्रेपने ‘सीपीयू=५’ शोधा. त्या ओळीच्या सुरुवातीला टाकणाऱ्या प्रोग्रामचं नाव आणि शेवटाकडे फंक्शनचं नाव असतं. इथे निदान संपतं.

फंक्शनची नावं तीच तीच भेटतात. व्हीएमस्टॅट_अपडेट साधारण दर सेकंदाला दिसत असेल तर व्हीएम.स्टॅट_इंटरव्हल मूळच्या १ वरून १२० करा. नव्या कर्नलांत नोएचझेड_फुल असलेले प्रोसेसर यातून वगळलेले असतात. एलआरयू_ॲड_ड्रेन_पर_सीपीयू रोज ठरावीक वेळी दिसत असेल तर त्या वेळेचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, बघा. फाईल वाचून झाल्यावर पेज कॅशमधून काढायला सांगणारे बॅकअप प्रोग्राम, किंवा कुणी हौसेने क्रॉनमध्ये घातलेलं कॉम्पॅक्ट_मेमरी, हे नेहमीचे संशयित. बॅकअप घरकामाच्या प्रोसेसरांवर बांधला तरी हा त्रास थांबत नाही, कारण हुकूम सगळ्या प्रोसेसरांना जातो. वेळ तरी बदला किंवा पद्धत तरी. आणि एफबी_फ्लॅशकर्सर दिसला तर हसू नका, सर्व्हरच्या कन्सोलवर लुकलुकणारा कर्सर खरंच हे काम टाकतो. अशा कामांसाठी वर्कक्यू.पॉवर_एफिशियंट=१ हा बूट पॅरामीटर आहे : वीज वाचवण्यासाठी म्हणून खूण केलेली कामं बांधलेल्या टोळीतून मोकळ्या टोळीत जातात, आणि मग वरचा ३०३ मास्क त्यांनाही लागू होतो. नाव विजेचं असलं तरी आपल्याला त्याचा उपयोग हा.

केसॉफ्टआयआरक्यूडी आणि इंटरप्ट

केसॉफ्टआयआरक्यूडी/५ जागा होतो कारण ५ वर सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर उरकायची कर्नलची कामं) साचले, आणि ते साचले कारण बहुधा ५ वर इंटरप्ट आला. म्हणून पुढचं पाऊल /प्रॉक/इंटरप्ट्स. ‘वॉच -डी’ लावून ५ चा रकाना बघा. तिथे नेटवर्क कार्डची एखादी रांग पळताना दिसली तर /प्रॉक/आयआरक्यू/क्रमांक/एसएमपी_ॲफिनिटी_लिस्टमध्ये ‘०,१,८,९’ लिहा. इथे यादी चालते, हेक्सची कटकट नाही. /प्रॉक/सॉफ्टआयआरक्यूजही सोबत वाचा. इंटरप्ट नसताना नेट_आरएक्स वाढत असेल तर आरपीएस_सीपीयूज तपासा, कुणीतरी पॅकेट वाटून द्यायला तिकडचे प्रोसेसर नेमलेले असतील.

कार्डाचे इंटरप्ट थ्रेडमध्ये चालत असतील, म्हणजे आयआरक्यू/१२८-एथ० अशा नावाचा थ्रेड दिसत असेल, तर त्यावर टास्कसेट चालतो खरा, पण टिकत नाही. मूळ इंटरप्टची ॲफिनिटी बदलली की थ्रेड तिच्या मागे जातो. इंटरप्ट हलवा, थ्रेड आपोआप येईल.

मग हे परत का बिघडतं? तीन कारणं. आयआरक्यूबॅलन्स, म्हणजे इंटरप्ट प्रोसेसरांत वाटून देणारी सेवा, चालू असेल तर दर १० सेकंदांनी त्याची फेरी होते आणि तुम्ही हाताने लिहिलेलं तो पुसू शकतो. आयसोलसीपीयूज आणि नोएचझेड_फुल तो सहसा पाळतो; तरी त्याच्या सेटिंगमध्ये आयआरक्यूबॅलन्स_बॅन्ड_सीपीयूलिस्ट=२-७,१०-१५ लिहा, नाहीतर सेवा सरळ बंद करा. दोन्ही अर्धवट ठेवणं सर्वात वाईट. दुसरं, इथटूल -एल (एल कॅपिटल) ने रांगांची संख्या बदलली किंवा इंटरफेस खाली-वर केला की अनेक ड्रायव्हर इंटरप्ट सोडून नव्याने घेतात, आणि जुनी मांडणी जाते. बूटला एकदा चालणारी स्क्रिप्ट इथे तोकडी पडते. ती नेटवर्क वर आल्यावर चालणाऱ्या हुकमध्ये घाला. आयआरक्यूॲफिनिटी पॅरामीटर वर दिला तोही याचसाठी, नव्या इंटरप्टची सुरुवात निदान योग्य जागेवरून होते. रांगाच चार केल्या, ‘इथटूल -एल एथ० कंबाइन्ड ४’, तर पसाराच कमी होतो.

तिसरं कारण जरा खोल आहे. एनव्हीएमई डिस्कच्या इंटरप्टची ॲफिनिटी बदलायला जाल तर ‘इनपुट/आउटपुट एरर’ मिळेल. डिस्क बिघडलेली नाही. हे इंटरप्ट कर्नल स्वतः सांभाळतो, प्रत्येक रांगेला तिचे प्रोसेसर वाटून देतो आणि बाहेरच्याला हात लावू देत नाही. बूटच्या ओळीतलं मॅनेज्ड_आयआरक्यू यावरच उपाय आहे, पण तो जमेल तितकाच लागू होतो : रांगेच्या वाट्याला घरकामाचा एक तरी प्रोसेसर असेल तर इंटरप्ट तिकडे जातो. रांग पूर्णपणे राखीवांचीच असेल आणि राखीव प्रोसेसरवरून डिस्कवर वाचन-लेखन झालं, तर इंटरप्ट तिथेच येणार. म्हणून राखीव प्रोसेसरवरच्या थ्रेडने लॉग फाईलला हात लावू नये. लॉगचा मजकूर मेमरीतल्या रांगेत टाकावा आणि ० किंवा १ वरच्या दुसऱ्या थ्रेडने तो डिस्कवर उतरवावा.

दर ५ मिनिटांनी घड्याळ लावल्यासारखा अडथळा येत असेल तर मशीनचेकची तपासणी आठवा. मेमरी-प्रोसेसरच्या दुरुस्त झालेल्या चुका गोळा करायला प्रत्येक प्रोसेसरवर टायमर लागू शकतो आणि त्याचा मूळ काळ ३०० सेकंद आहे. मशीनचेक०/चेक_इंटरव्हल मध्ये ० लिहिलं की तो थांबतो. मात्र खराब होत चाललेल्या रॅमची पूर्वसूचना त्यातून मिळते ती जाते, त्यामुळे मी तरी आधी १ तासाचा काळ देऊन बघेन.

मायग्रेशन/५

हा हलत नाही आणि हलवूही नये. दुसऱ्या प्रोसेसरवरचं धावतं काम उचलून न्यायचं किंवा सगळं क्षणभर थांबवायचं, तर कर्नलला हाच लागतो. तो वारंवार उठत असेल तर कुणीतरी धावत्या प्रोग्रामची ॲफिनिटी वारंवार बदलतंय. बघाल तर बहुतेक वेळा आपलीच ‘दर मिनिटाला सगळं पुन्हा बांधणारी’ क्रॉन स्क्रिप्ट निघते. सॉफ्ट लॉकअप ओळखणारा वॉचडॉगही याच्याकडून काम करून घेतो. कर्नल.वॉचडॉग_सीपीयूमास्क वाचा. नोएचझेड_फुल नीट लागू झालं असेल तर त्यात घरकामाचेच प्रोसेसर असतात.

रीबूट न करता : सीपीयूसेट

बूट पॅरामीटर बदलायची सोय नसेल तर सीग्रुप व्ही२ चं विभाजन वापरा. जुन्या लेखांतली ‘सीसेट शील्ड’ची कृती सीग्रुप व्ही१ च्या काळातली आहे, आजच्या मशीनवर ती जशीच्या तशी उतरवू नका. /सिस/एफएस/सीग्रुपच्या मुळाशी सबट्री_कंट्रोलमध्ये ‘+सीपीयूसेट’ लिहा, एक उपफोल्डर बनवा, त्याच्या सीपीयूसेट.सीपीयूजमध्ये ‘२-७,१०-१५’ आणि सीपीयूसेट.सीपीयूज.पार्टिशनमध्ये ‘आयसोलेटेड’ लिहा. मग ती शेवटची फाईल वाचाच. नुसतं ‘आयसोलेटेड’ आलं तर काम झालं; पुढे ‘इनव्हॅलिड’ असेल तर कंसात कारण दिलेलं असतं, बहुधा यातला एखादा प्रोसेसर दुसऱ्या गटाने धरून ठेवलेला असतो. लिहिताना एरर आला नाही म्हणून पुढे जाणारे इथे अडकतात.

याने भार-वाटप तुटतं, पण टिक थांबत नाही, इंटरप्ट हलत नाहीत आणि बांधलेले केवर्करही जागेवरच राहतात. त्यामुळे इंटरप्टची यादी वेगळी करावीच लागते; वर्कक्यूचा मास्क काही नव्या कर्नलांत आपोआप बदलतो, तो वाचून बघा आणि ३०३ नसेल तर लिहा. मिलिसेकंदांत चालणाऱ्या कामाला एवढं पुरतं. मायक्रोसेकंद मोजायचे असतील तर रीबूटला पर्याय नाही.

उलटा घोळ : कर्नल थ्रेडच उपाशी

राखीव प्रोसेसरवर सतत फिरणारा प्रोग्राम एससीएचईडी_फिफो ९९ वर, म्हणजे सर्वोच्च रिअल-टाइम प्राधान्यावर, ठेवला आणि शेड_आरटी_रनटाइम_यूएस -१ करून त्याच्यावरची वेळेची मर्यादा काढली, की निदान जुन्या कर्नलांत केवर्कर/५ ला धावायला जागाच मिळत नाही. लगेच काही बिघडत नाही. मग कधीतरी कुणीतरी ‘प्रत्येक प्रोसेसरवर हे करा’ म्हणतं, ५ कडून उत्तर येत नाही, आणि भलताच प्रोग्राम, बहुधा बिचारा बॅकअपच, डी अवस्थेत, म्हणजे मारताही न येणाऱ्या प्रतीक्षेत, लटकतो. डीमेसेजमध्ये ‘१२० सेकंदांहून जास्त अडकला’ अशी ओळ येते आणि सगळे डिस्क तपासत बसतात. आरटी_रनटाइम मूळच्या ९५०००० वर ठेवलं तर सेकंदातले ५० मिलिसेकंद इतरांसाठी सुटतात, पण मग तुमचा प्रोग्राम दर सेकंदाला तेवढा थांबतो. पॅकेट नेमके ५० मिलिसेकंद रखडत असतील तर कारण हेच.

एका राखीव प्रोसेसरवर एकच थ्रेड असेल तर फिफोची गरजच काय? साध्या प्राधान्यावर ठेवा. केवर्करला दोन-चार मायक्रोसेकंद द्यावे लागतील, आणि ते वरच्या उपायांनी मिनिटातून एखाद्या वेळीच लागतील. फिफो अटळच असेल तर स्टॉलडी चालवा. उपाशी थ्रेड शोधून त्यांना थोडा वेळ मिळवून देणं एवढंच त्याचं काम.

सगळं लावून झाल्यावर मोजणी ‘आरटीएलए ओसनॉइज टॉप -सी २-७,१०-१५ -डी १०एम’ने करा. तो इंटरप्ट, सॉफ्टआयआरक्यू आणि थ्रेड यांचे अडथळे वेगवेगळ्या रकान्यांत मोजतो, म्हणजे पुढे कोणत्या भागाकडे वळायचं ते आकड्यावरूनच दिसतं. मोजणीच्या वेळी तुमचा खरा प्रोग्राम त्या प्रोसेसरांवरून उतरवलेला असू द्या. आणि १० मिनिटं शांत गेली म्हणून थांबू नका; एकदा इंटरफेस खाली-वर करून, एकदा बॅकअपच्या वेळेत आणि एकदा थंड रीबूटनंतर, अशी तीनदा मोजणी घ्या.